बायपासचा व्हॉल्व्ह

सासूबाई गेल्या आणि सासरे पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये, मेडनहेडला राहायला आले. खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करायचा, ही बाबांची जन्मभराची शिस्त. इथे पंखे नाहीत, म्हणून ते खोल्या तापवणारे रेडिएटर बंद करायचे, झाडून सगळे. "रिकाम्या खोलीला कशाला ऊब?" म्हणायचे. मला ते पटायचंही.

जानेवारीत या रेडिएटरना गरम पाणी पुरवणारा आमचा बॉयलर आधी गुरगुरला, मग आतून ठोके देऊ लागला आणि शेवटी बंदच पडला. बाबा ओव्हरकोट घालून पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेला बसले.

"मी आलो आणि तुमचं एकेक बिघडायला लागलं," ते म्हणाले. "माझं परतीचं तिकीट बघा."

पुण्याच्या बंद फ्लॅटमध्ये एकटे काय करणार होते? मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही.

दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअर बाईंनी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातला एक आखूड पाइप दाखवला. बॉयलरमधून निघणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाइपांना जोडणारा. हा बायपास. त्याचा व्हॉल्व्ह कुणीतरी घट्ट बंद केला होता.

"मीच केला," बाबा म्हणाले. "तो पाइप कुठल्याच खोलीत जात नव्हता."

बाई इंग्रजीत समजावत होत्या, मी बाबांना मराठीत सांगत होते आणि सांगता सांगता माझाच गोंधळ होत होता. पाणी तापवायचं आणि कुणालाही ऊब न देता परत आणायचं? हा कसला द्राविडी प्राणायाम! बाई म्हणाल्या, सगळे रेडिएटर बंद असले तरी पंपाने ढकललेल्या पाण्याला वाट हवी, नाहीतर बॉयलर फार तापतो आणि बंद पडतो. मी मान डोलावली आणि विचारलं, "पण मग पाणी जातं कुठे?" त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा डोक्यावरून गेलं.

व्हॉल्व्ह थोडा उघडून, बॉयलर सुरू करून बाई गेल्या. बाबा मात्र कपाटापुढे उभेच. त्या पाइपवर हात ठेवून बघत होते.

"म्हणजे कुणाच्याही उपयोगी न पडणारं पाणीसुद्धा घराला लागतं?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

पाइपांचं मला अजूनही काही कळलं नव्हतं. बाबा काय विचारत होते, ते मात्र कळलं.

"लागतं, बाबा," मी म्हटलं. "आणि तिकीट मी बघणार नाहीये."