पोत्यातले माग

मेलेल्या माणसांकडून रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा काम करून घेणारा मालक अख्ख्या बेळगावात एकच, आणि त्याच्या घरचं अन्न मी दोन वर्षं खाल्लं. मी त्यांना अण्णा म्हणायची. वडगावातली, त्या विणकरांच्या वस्तीतली, सगळीच त्यांना अण्णा म्हणत, पण जरा लांबून. मी परभणीकडची, आठवीत शाळा सोडलेली. आजारी माणसांची देखभाल करायचं काम शिकले आणि एजन्सीवाल्यानं ज्या गाडीत बसवलं त्या गाडीनं इतक्या लांब आले. अण्णांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, सांभाळायचं होतं. त्यांचं डावं अंग लकव्यानं गेलेलं आणि आठवण जुन्या लुगड्यासारखी जागोजागी विरलेली. माझ्याआधी तीन बाया पळून गेल्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दुपारी आक्कांना भरवताना मागच्या शेडमधून पॉवरलूमचा आवाज येत होता, खटाक खट, खटाक खट. मी वाडगा हातात घेऊनच बघायला गेले. दाराला बाहेरून कुलूप. फटीला डोळा लावला, तर आत माग नाही, माणूस नाही. जमिनीवर तेलाचे चार चौकोनी डाग तेवढे होते, जिथं कधीकाळी माग उभे असावेत, आणि त्या डागांवर चार मागांचा आवाज चालला होता.

"घाबरलीस व्हय?" मागून अण्णा म्हणाले. "भुतं न्हाईत गं. म्हंजे हाईत, पन कामाची हाईत."

त्यांनी कुलूप काढलं. आक्कांच्या खोलीच्या भिंतीला शेडच्या बाजूनं एक लांब फळी ठोकली होती, आणि फळीवर जुन्या कॉम्प्युटरमधले सीडी घालायचे डबे, बावीस, सगळ्यांची झाकणं काढलेली. आत सीडीखाली जी बारकी गाडी इकडून तिकडं पळते, तिला अण्णांनी लाकडाची खुंटी लावली होती. ती पळत जाऊन तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर आपटायची. सगळ्या वायरी एका तळहाताएवढ्या बोर्डाला जोडलेल्या, आणि कुणी कधी आपटायचं ते त्या बोर्डात लिहून ठेवलेलं. हे सगळं ते मोबाईलवर बघून शिकले. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून साडीची नक्षी चढवण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला त्यात अवघड काही वाटलं नाही. "भोक आसलं तर दोरा वर, न्हाईतर खाली," ते म्हणत. "हितंबी त्येच. बाकी सगळा इंग्लिशचा रुबाब."

हा उद्योग कशासाठी, ते कळायला मला एक सकाळ पुरली. लाईट गेली की सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण भर कामाच्या वेळी एकाच घरचे माग थांबले, की लोक त्या दारात येऊन विचारतात, कोण गेलं? आक्कांचा जन्म त्या आवाजात गेलेला. अण्णांनी माग भंगारात घातले तेव्हापासून त्या रोज सकाळी डोळे उघडून कान देत आणि विचारत, "माग का थांबलं? कोण गेलं?" कुणी नाही म्हटलेलं पटायचं नाही. मग आपणच नाव ठरवत, कधी नवरा, कधी आई, आणि सुतक धरून दिवसभर तोंडात घास घेत नसत. एकदा तर अण्णांसाठीच रडायला बसल्या.

"मी हितं हाय की गं आक्का!"

"तू गप. तू मेलायस."

आक्का निम्म्या झाल्या होत्या. अशी आणखी थोडी सुतकं पाळली असती, तर त्यांचंच पाळायची वेळ आली असती. अण्णांनी आधी मोबाईलवर मागाचा आवाज लावून बघितला. आक्का म्हणाल्या, "ह्यो फोन हाय. खाट हलंना." तेव्हापासून अण्णा डबे गोळा करायला लागले. कुठल्याही ऑफिसात, शाळेत शिरत आणि "मेलेले डबे हाईत काय?" म्हणून विचारत. कोल्हापूरच्या भंगारबाजारातून मोपेडवर पोतं घेऊन येताना हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं. पोत्यात काय? "माग." पोत्यात? "चौदा हाईत." पोलिसानं पोत्याकडं बघितलं, अण्णांच्या तोंडाकडं बघितलं, आणि पोत्याला हात न लावता जा म्हणाला. बोर्डाशी अण्णा कानडीत बोलत, कारण तो बंगळूरहून मागवलेला. चुकला तर कानडीत शिव्या, नीट चालला तर शाबासकी मात्र मराठीत.

मला भीती वाटायची ती चिकटपट्ट्यांची. प्रत्येक डब्यावर गल्लीतल्या एकेका मेलेल्या विणकराचं नाव, आणि त्याचा ठोका त्या माणसाच्या हातासारखा जुळवलेला. "ह्यो बाबू, जरा दम खात मारायचा. ह्यो धोंडू, लई घाईचा." पलीकडं खाटेवर आक्कांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण एकदा एक वायर सुटली आणि त्या घास गिळून म्हणाल्या, "बाबू आज आला न्हाय वाटतं." मी जाऊन पट्टी वाचली. बंद पडलेला डबा बाबूचाच होता. त्या दिवशी मी बॅग भरली होती. संध्याकाळी आक्कांनी पोटभर भात मागून घेतला, मग मी बॅग परत रिकामी केली.

लाईट गेल्यावर आवाज थांबू नये म्हणून अण्णांनी हुशारीनं बॅटरी जोडली, आणि तिथंच घात झाला. एका दुपारी लाईट गेली. सगळी गल्ली गप्प, पंखा गप्प, आणि त्या शांततेत फक्त आमचं खटाक खट. आक्कांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं.

"लाईट न्हाय. मग माग कोन चालवतंय?"

खाट हलत होती.

"समदी आल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "मला न्यायला आल्यात."

समोरच्या वहिनी लिंबू-मिरची घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. अण्णा धावत शेडमध्ये गेले आणि बॅटरी उपटून काढली. मग तिथंच जमिनीवर, तेलाच्या डागावर बसले. "चाळीस वर्सं माग चालवला, आनि लाईट गेल्यावर माग थांबतो ह्येच इसरलो!" त्या दिवसापासून आमचे माग चारचौघांसारखे लाईटीबरोबर थांबायला लागले.

आक्का गेल्या त्या सकाळी दहाच्या सुमाराला, माग चालू असताना. मी पेज भरवत होते. "धोंडू आज लई घाईत हाय," एवढं म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला नाही. मी नाडी बघितली. अण्णा दारात उभे होते. त्यांना सांगावं लागलं नाही.

"माग थांबवायला पायजेत," ते म्हणाले. "माझ्यानं न्हाय व्हायचं. तू जा."

दोन वर्षांत मी शेडमधल्या बटणाला हात लावला नव्हता. माझ्या शिक्षणाला ते झेपणारं नाही, काही बिघडलं तर काय, अशी धास्ती. त्या दिवशी दाबलं. भिंत हलायची थांबली. कुणाला निरोप गेला नव्हता, अजून कुणी रडलंही नव्हतं, तोवर डोक्यावर पदर घेऊन समोरच्या वहिनी दारात आल्या.

"अण्णा, कोण गेलं?"

तेव्हा कुठं अण्णा रडले.

दिवस झाल्यावर त्याच वहिनी पुन्हा आल्या. "चालू करा की अण्णा. लई भकास वाटतंय." अण्णांनी फळीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बटण दाबलं. मी मोजले तर डबे तेवीस होते. तेविसाव्याचा ठोका सावकाश, जरा डावीकडं ओढत येत होता. मी पट्टी वाचली नाही.

आता मी फोंड्याला दुसऱ्या एका घरी असते. अण्णांच्या घरानं मला पोटाशी धरलं, म्हणून पुढच्या घराचं दार वाजवायचं धाडस आलं. रविवारी दुपारी अण्णांचा फोन येतो. हॅलो म्हणायच्या आधी मी त्यांच्या मागचा आवाज ऐकते, आणि मग जिवाला बरं वाटतं. परवा फोन उचलला तर मागं काहीच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण गेलं?"

पलीकडून अण्णांचं हसू ऐकू आलं.

"लाईट गेलीया गं. तू जेवलीस काय?"

हो म्हटलं, जेवले नव्हते तरी. लाईट येईपर्यंत आम्ही दोघं तसेच फोन धरून बसून राहिलो.