आतून निघालेली कडी

रोगजंतूंच्या त्या प्रयोगशाळेत लहानथोर सारे त्यांना प्लेटमावशी म्हणत. जंतूंना लागणारे अन्न शिजवायचे, ते कोमट असतानाच काचेच्या उथळ प्लेटांत ओतायचे आणि थिजू द्यायचे, हे त्यांचे उभ्या हयातीचे व्रत. हाताला असा गुण की त्यांच्या प्लेटवर कधी बुडबुडा म्हणून धरला नाही. यजमान थट्टेने म्हणत, "तुझ्या हातचं खाऊन जंतूसुद्धा बाळसं धरतात, मीच तेवढा काडी राहिलो." मावशी त्यांच्या ताटात आणखी वाढत.

जंतू वाढवण्याचे उबदार कपाट मनुष्यदेहाच्या उष्णतेवर ठेवलेले असे. त्यावर तापमानाचा आकडा दिसत असूनही मावशी रोज सकाळी त्याच्या दारावर तळवा टेकून पाहत. आजारी मुलाच्या कपाळावर टेकावा तसा. या सवयीचे कारण त्यांना कोणी विचारले नाही.

कारण होते. त्यांची एकुलती लेक चौथ्या वर्षात रक्ती आवेने गेली. एकही औषध लागू पडले नव्हते. तिचा नमुना इस्पितळातून याच प्रयोगशाळेत आला आणि मावशींनी ओतलेल्या प्लेटवरच पसरला गेला. लेक गेली, प्लेटवरचे जंतू वाढत राहिले. पुढे त्या जंतूंचे वाण एका कुपीत गोठवून ठेवण्यात आले. कुपीवर केवळ एक क्रमांक होता. पण तिच्या देहातून निघून अजून जिवंत असलेले असे या जगात तेवढेच उरले आहे, हे मावशी जाणून होत्या.

या जंतूची रीत काय, ते विभागाच्या प्रमुख मॅडमनी त्यांना एकदा निवांतपणे समजावले होते. तो पेशीची भिंत फोडत नाही. तो तिला नुसता टेकतो, अंगातली पोकळ सुई तिच्या कातडीत रोवतो आणि सुईवाटे आपली प्रथिने आत सोडतो. पेशीला आतून तोलून धरणारे जे तंतू असतात, त्यांना ती प्रथिने नवे हुकूम देतात. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ते येथे अक्षरशः खरे होते. पेशीची कातडी लाटेसारखी उचलली जाते, शत्रूला वेढते आणि उराशी धरून आत घेते. कडी बाहेरून तुटत नाही. ती आतून निघते. मग तेच वासे जंतूमागे शेपटासारखे जुळून त्याला शेजारच्या पेशीत ढकलतात.

मावशींनी तेव्हा एकच विचारले होते, "पेशीला कळतं का हो, की हे आपलं आपण करत नाही?"

"कळायला तिला मन कुठे आहे, मावशी?" मॅडम हसल्या होत्या. मावशी हसल्या नाहीत.

आता मॅडम त्या सुईचे तोंड बुजवणाऱ्या एका औषधाच्या मागे होत्या. अन्य औषधांना न जुमानणारे हेच वाण त्यांना हवे होते. परंतु गोठवणीचे यंत्र सुट्टीत बंद पडले आणि साऱ्या साठ्यातून लेकीच्या वाणाची ती एकच कुपी कशीबशी वाचली. त्यात आणखी एक अडचण. सुई बाळगणे जंतूला जड जाते. आयते अन्न मिळाले की तो ती टाकून देतो आणि निःशस्त्र होऊन भराभर वाढतो. रंग घातलेल्या प्लेटवर सुईवाल्यांचे ठिपके लाल उमटतात, सुई टाकलेल्यांचे पांढरे. त्या कुपीतून जे उगवले ते सारे पांढरे. मॅडमनी उरलेले शेवटचे प्लेटांवर पसरायला सांगितले. यातही लाल निघाला नाही तर सगळे वाफेच्या भट्टीत घालून नष्ट करायचे आणि औषधाचा नाद सोडायचा, असे ठरले.

मावशींनी हे घरी सांगितले. यजमानांनी चष्मा उतरवून बाजूला ठेवला.

"आपल्या पोरीला ज्यानं नेलं, त्यालाच तू इतकी वर्षं भरवते आहेस," ते म्हणाले. "मी कधी बोललो नाही. आता ते आपणहून मरतंय, तर मरू दे. एवढं कबूल कर."

मावशींनी कबूल केले, आणि मनापासून केले.

सकाळी त्या पोचल्या तेव्हा प्रयोगशाळेत कोणी नव्हते. तळवा टेकून त्यांनी कपाट उघडले. एकामागून एक प्लेट उजेडात धरली. पांढरे, पांढरे, सगळे पांढरे. अखेरच्या प्लेटच्या कडेला मात्र एक लाल ठिपका होता. टाचणी टोचल्यावर बोटावर रक्त यावे एवढा.

भट्टीची पिशवी डाव्या हाताला उघडी होती. ही प्लेट तिच्यात टाकली असती तर कोणाला कळणार नव्हते. उद्या कोणाची तरी लेक या औषधाने वाचेल, असे मावशींनी स्वतःला समजावले. पण तो विचार मागून आला. तो येण्याआधीच त्यांच्या उजव्या हाताने जंतू उचलायची तारेची कडी ज्योतीत लाल करून निववली होती, ठिपका उचलला होता आणि ताज्या प्लेटवर पसरायला घेतला होता. मावशी त्या हाताकडे पाहत राहिल्या. मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग आपलाच होता. हुकूम कोठून आला, ते उमजेना.

घरी यजमान दारातच उभे होते.

"सगळे पांढरेच निघाले," मावशी म्हणाल्या. जीभ अडखळली नाही.

त्या दिवशी यजमान पोटभर जेवले. लेकीचा विषय त्यांनी वर्षानुवर्षे टाळला होता. आज तिच्या बोबड्या बोलांची एक आठवण निघाली आणि ते डोळे पुसत हसले. मावशीही हसल्या. आपल्या गळ्यातून कोणी दुसरेच हसले, असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कपाट उघडले, तर ताजी प्लेट काठोकाठ लाल.

"मावशी, हे आलं कुठून?"

"आतच होतं," मावशी म्हणाल्या.

आनंदाने मॅडम ते कोणाला तरी कळवायला बाहेर गेल्या. मावशींनी कपाटाचे दार हळूच लावले, त्यावर तळवा टेकला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"ताप उतरला नाही अजून," त्या पुटपुटल्या.