हेडपासून चाळीस मैल

जगन्नाथ खोमणे यांची माझी ओळख एका गळक्या नळामुळे झाली.

मंडळाचा गणपती जर्मनटाउनच्या एका शाळेत होता. मी मखराची फ्रेम जोडत होतो. शाळेच्या बाहेरच्या भिंतीला बागेचा नळ होता, तो गळत होता. शेकडो माणसं त्याच्या बाजूनं गेली. एक म्हातारा मात्र त्याच्यासमोर उकिडवा बसला. अंगात जावयाची ट्रॅक पँट. त्यानं खिशातल्या रुमालाची चिंधी फाडली, दोऱ्यासारखी वळली, नळाच्या मानेत गुंडाळली आणि नट हातानं आवळला. गळती थांबली. तरी तो उठेना.

"थांबलं की. आता कशाला बसलात?" मी विचारलं.

"थांबलं म्हणून लगेच उठायचं नसतं. पाणी आपण उठायची वाट बघतं."

मी मेरीलँडमध्ये छत्तीस वर्षं एसीचे डक्ट बसवले. काम झाल्यावर पाच मिनिटं थांबून बघणारी माणसं मला चार भेटली होती. हे पाचवे.

जगन्नाथराव बारामतीकडचे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचा राखणदार. दारं उघडायची, बंद करायची, पाळीचं पाणी सोडायचं आणि रोज भरावावरून चालायचं. खेकडा भरावात भोक पाडतो. सकाळी ते बोटाएवढं असतं, बुजवलं नाही तर संध्याकाळपर्यंत भराव जातो. त्यांच्या भागात एकतीस वर्षांत कालवा एकदाही फुटला नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

बाराव्या मैलावरच्या चौकीत त्यांची दोन मुलं वाढली. मोठी अस्मिता, धाकटा सिद्धेश. सिद्धेश बापामागं भरावावरून चालत मोठा झाला. इंजिनियर झाला, इकडे शिकायला आला, इथंच नोकरीला लागला. दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात तो हायवेवर अपघातात गेला. तेव्हा कोविडमुळं भारतातून येणं बंद होतं. आईबापांनी मुलाचं शेवटचं फोनवर पाहिलं. पुढच्या वर्षी आई गेली. मग इथंच राहणाऱ्या अस्मितानं वडलांना इकडे आणलं.

हे सगळं मला अस्मितानं सांगितलं. जगन्नाथराव फक्त एका फोनबद्दल बोलायचे.

जाण्याआधीच्या ऑक्टोबरात सिद्धेशनं जंगलातून परत येऊन फोन केला होता. "बाबा, इकडं एक जुना कालवा आहे. मी जागा बघून ठेवलीय. चाळीस मैलावर, डाव्या काठाला, चढ चढून गेलं की सपाटी आहे. खाली कालवा दिसतो. तुम्ही आलात की आपण दोघं तिथं मुक्काम करू. जागा करून ठेवलीय." सोबत एक फोटो पाठवला होता. नारिंगी तंबू, मागे एकाच बुंध्यातून दोन फांटे फुटलेला ओक. फोटोवर ठिकाण नव्हतं. त्याचा फोन अपघातात गेला.

"जागा करून ठेवलीय म्हणाला," जगन्नाथराव म्हणायचे. "मला एक रात्र तिथं झोपायचंय. बाकी काही नाही."

इकडे आल्यापासून तीन वर्षं त्यांनी कुणाला तिथं न्या म्हटलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरात अस्मिताच्या नवऱ्याची बदली झाली. नोव्हेंबरअखेर सगळ्यांनी टेक्सासला, फ्रिस्कोला जायचं ठरलं. त्या आठवड्यात जगन्नाथराव माझ्या घरी आले. चहा न पिता म्हणाले, "प्रसन्नराव, तुम्हाला गाडी येते. कालवा माहीत आहे?"

कालवा मला माहीत होता. पोटोमॅक नदीच्या काठानं वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत जातो, एकशे साडेचौऱ्याऐंशी मैल. पूर्वी त्यातून कोळशाच्या बोटी जायच्या, काठावरून खेचरं त्या ओढायची. आता तो सरकारी पार्क आहे. खेचरांच्या वाटेवरून लोक चालतात, सायकल चालवतात. दर मैलाला खांब आहे. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत, तिथं हातपंप आणि संडास असतो. पार्कात इतर कुठं तंबू लावता येत नाही. एकट्यानं जंगलात राहायचं असेल तर पार्काची हद्द सोडून शेजारच्या सरकारी जंगलात जावं लागतं. तिथल्या कचेरीतून परवाना घ्यायचा आणि जागा आपली आपण शोधायची.

माझी बायको मालिनी म्हणाली, "पलंगावरून उठताना आई गं करता आणि आता जमिनीवर झोपणार? भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना."

"वहिनी, मी यांना उठवीन," जगन्नाथराव म्हणाले. "मला कोण उठवणार ते बघा."

पहिल्या शनिवारी आम्ही चाळीसाच्या खांबाजवळ गेलो. वॉशिंग्टनकडून चालत गेलं की डाव्या हाताला नदी येते. तिथं चढ नव्हता. गाळाची सपाट पट्टी, तिच्यापुढे पाणी. दुसऱ्या बाजूला कुणाची तरी शेतं होती आणि आत येऊ नका अशा पाट्या. आम्ही तीन मैल मागे, तीन मैल पुढे बघितलं. जगन्नाथराव प्रत्येक दोन फांट्यांच्या झाडाशी थांबले. खिशातून तंबूचा फोटो काढून बघितला. नाही म्हणाले.

दुसऱ्या शनिवारी तेच. परतताना मी म्हणालो, "आकडा लक्षात ठेवण्यात चूक झाली असेल."

"चाळीस म्हणाला. डावा म्हणाला. चढ म्हणाला."

"इथं चढच नाही जगन्नाथराव."

"तेच म्हणतोय मी."

तिसऱ्या शनिवारी ते चालले नाहीत. गुडघा सुजला होता. खांबाजवळच्या बाकावर बसून नदीकडं बघत राहिले. मी एकटा फिरून आलो तर म्हणाले, "या कालव्यात पाणी कुठून घ्यायचे?"

"नदीतून. जागोजाग बंधारे होते. सगळ्यात वरचा कंबरलँडला."

"मग कालव्याचं तोंड, हेड, तिकडं."

"हो. पण मैल वॉशिंग्टनपासून मोजतात. खांबावर लिहिलंय की."

ते माझ्याकडं बघत राहिले. शाळेत उत्तर चुकलेल्या पोराकडं मास्तर बघतात तसं.

"हे खांब बोटवाल्यांचे. पाटकरी टेलपासून, शेवटाकडून, मोजत नाही, प्रसन्नराव. पाणी जिथून निघतं तिथं शून्य. पाणी जाईल तिकडं तोंड करून उभं राहायचं, मग डावा हात तो डावा काठ. सिद्धेश मला सांगत होता. माझ्या मापानं सांगत होता."

मी तीन शनिवार चुकीच्या जागी घालवले होते, कारण खांब वाचला आणि माणूस वाचला नाही. एकशे साडेचौऱ्याऐंशीतून चाळीस वजा केले. एकशे साडेचव्वेचाळीस. नकाशा उघडला. तिथं कालव्याच्या डोंगराकडच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या डाव्या काठाला, हिरवा रंग होता. सरकारी जंगल.

आता नोव्हेंबर लागला होता. अस्मिताच्या घरात खोकी भरून तयार होती. गुडघ्याची सूज उतरायला दहा दिवस गेले. अस्मिता मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, नाही सापडलं तर त्यांना तिथंच सोडून येऊ नका, प्लीज. सापडलं तरी नका."

पंधरा नोव्हेंबरला आम्ही जंगलाच्या कचेरीत परवाना घेतला. खिडकीतल्या बाईनं नियम वाचून दाखवले. पाण्यापासून लांब राहा, झाड तोडू नका, खणू नका. मी एकेक मराठीत सांगितलं. जगन्नाथराव मान डोलवत होते. खणू नका म्हटल्यावर त्यांनी मान डोलवली नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

गाडी लिटल ऑर्लिन्सला लावली. तिथून साडेतीन मैल चालायचं होतं. तंबू, दोन पिशव्या, छोटी कढई, पाणी, बेसनाच्या वड्या. माझ्या पाठीवर अकरा किलो, त्यांच्या पाठीवर पाच. दर अर्ध्या मैलाला थांबलो. अडीच तास लागले. कालव्यात तिथं पाणी नाही, तळात झाडं उभी आहेत. रिकामा कालवा बघून ते एकदाच बोलले. "एवढा मोठा आणि राखणदार नाही."

खांब एकशे चव्वेचाळीस गेला. पुढं अर्धा मैल पावलांनी मोजला. कोरडा कालवा उतरलो, पलीकडं चढलो, जुन्या रेल्वेचा भराव ओलांडला आणि चढ लागला. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला आणि हातांनी झाडं धरत चढले.

सपाटी सापडली. दोन फांट्यांचा ओक सापडला. फोटो धरून बघायची गरज नव्हती, पण त्यांनी धरला.

सपाटीच्या वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखा चर होता, पानांनी बुजलेला. पाऊस आला तर पाणी तंबूत न शिरता बाजूनं जावं म्हणून काढलेला. जगन्नाथरावांनी पानं काढली आणि चरात हात ठेवला.

"त्याचाच. चौकीभोवती मी असाच काढायचो." खणू नका ऐकून त्यांनी मान का डोलवली नव्हती ते मला आता कळलं.

मग त्यांनी चराचं तोंड बघितलं. चर जिथं उताराला सोडला होता तिथून पुढं पाच वर्षांच्या पावसानं घळ पाडली होती. पंधरा फूट लांब, गुडघाभर खोल. ओकाची मुळं एका बाजूनं उघडी पडली होती.

ते घळीच्या काठाशी उकिडवे बसले.

"उतार जास्त दिला पोरानं," ते म्हणाले. "बोटभर पुरे होता. यानं वीतभर दिला. मी शिकवलं होतं त्याला. कसा विसरला?"

मी उघड्या मुळांवरची पानं झटकली.

"बुजवायला पाहिजे."

"राहू द्या जगन्नाथराव. त्याचं एवढंच उरलंय."

"झाड जाईल."

"जाऊ दे."

"त्याच्या हातचं फुटलेलं ठेवून जाऊ का मी?"

अवजार नव्हतं. कढईचं झाकण आणि हात. आधी तळाला मोठे दगड, मग आडव्या फांद्या, मग बारीक दगड, मग माती. घळीत वाहून गेलेली माती खाली साचली होती, तीच पिशवीतून वर आणली. मी सदतीस खेपा केल्या. ते थर लावत होते. प्रत्येक वीतभर थर पायानं तुडवायचा, मगच पुढचा. मी एकदा दोन थर एकदम टाकले. त्यांनी काढायला लावले. सगळ्यात शेवटी चर. तो त्यांनी एकट्यानं बुजवला, हातानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर पानं पसरली. साडेतीन तास लागले. उठल्यावर तिथं कुणी कधी आलं होतं असं वाटत नव्हतं.

मी तंबूची पिशवी उघडायला लागलो.

"इथं नको," ते म्हणाले. "माती ओली आहे. बसू दे तिला. आपण वर हिंडलो तर परत ढिली होईल."

"पण तुम्हाला इथं झोपायचं होतं."

"हो."

त्यांनी पिशवीची दोरी स्वतः बांधली. आम्ही उतरून कालव्याकाठच्या ठरलेल्या जागेत मुक्काम केला, पंप आणि संडास असलेल्या. वड्या त्यांनी खाल्ल्या नाहीत. पहाटे पाऊस आला. उजाडल्यावर ते काठी घेऊन एकटेच वर गेले. मला येऊ दिलं नाही. दीड तासानं भिजून परत आले.

"धरलंय," म्हणाले.

नंतरच्या आठवड्यात ते फ्रिस्कोला गेले. दर रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येत, गुडघा, वहिनी, आणि मग, "तिकडं पाऊस झाला का?"

एप्रिलमध्ये मोठा पाऊस झाला. तीन दिवस. मी त्यांना न सांगता लिटल ऑर्लिन्सला गेलो आणि चालत वर सपाटीपर्यंत चढलो. ओक हिरवा झाला होता. मुळांवर माती होती. चर कुठून कुठं होता ते मला बघूनही कळेना. मी वाकून हातानं चाचपलं.

रविवारी सांगितलं. "गेलो होतो. चराची जागाच सापडली नाही."

फोनवर मागं अस्मिता कुणाला तरी जेवायला हाक मारत होती.

"नाही सापडली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग नीट झालं काम," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी वहिनींची चौकशी न करता फोन ठेवला.