जिन्याखालची मोरी

माझ्या सासूबाई कंजूष म्हणून अख्ख्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होत्या. लग्न होऊन मी अंबरनाथला आले त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींनी मला ही बातमी दिली, आणि वर ‘कळेलच तुला हळूहळू’ असा धीरही दिला. हळूहळू कशाला, लगेचच कळलं. आमच्याकडे साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटवली जायची आणि दारात आलेल्या कुणाला काही मिळायचं नाही. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती, आमचे हे एमआयडीसीत सुपरवायझर होते, दोन वेळचं नीट भागत होतं. तरी सासूबाईंचा हात म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. म्हणूनच त्यांची ही गोष्ट मला सांगावीशी वाटते.

बिल्डिंगच्या फाटकासमोर एक बंद पडलेली पिठाची गिरणी होती. तिच्या पत्र्याखाली एक बाई राहायच्या. पन्नाशीच्या असतील. देशावरून मुलाबरोबर बांधकामाच्या कामावर आल्या होत्या. मुलगा ‘दुसरीकडे काम बघून येतो’ म्हणून गेला तो आलाच नाही. तेव्हापासून त्या तिथेच होत्या, कारण पोरगं परत आलं तर गिरणीशीच शोधणार. बिल्डिंगमधल्या एका भल्या गृहस्थांनी कर्जतच्या बाजूला कुठल्याशा आश्रमाची सोय केली होती, तर बाईंनी सरळ नकार दिला. त्यावर गृहस्थ महिनाभर रागावून होते. आपण केलेली मदत समोरच्यानं घेतली नाही की आपल्याकडे तो अपमान धरतात.

तशी मदतीला आमची बिल्डिंग कमी नव्हती. पितृपक्षात तर बाईंपुढे वाट्यांची रांग लागायची. खीर, वडे, आमसुलाची चटणी. कावळा शिवायचा राहिला तरी चालेल, पण गिरणीवालीला पान पोचलं पाहिजे. सर्वपित्री झाली की दुसऱ्या दिवशी कुणी फिरकायचं नाही. थंडीत तीन घरांतून तीन घोंगड्या आल्या आणि ठेवायला जागा नसल्यामुळे चोरीला गेल्या. तर ‘विकून खाल्ल्या’ म्हणून तिन्ही घरं एकदम बोलायला लागली. बाई कधी हात पसरत नसत. लोक आपणहून आणून देत आणि मग ती भीक मागते म्हणत.

खरी तक्रार वेगळीच होती. त्यांच्या अंगाला वास यायचा. वारा फाटकाकडून आला की तळमजल्यावरच्या खिडक्या बंद व्हायच्या. गणपती-पितर सगळं आटोपल्यावर गच्चीवर सोसायटीची मीटिंग भरली, तेव्हा सेक्रेटरींनी हाच विषय घेतला. ते एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते, बोलणं मुद्देसूद, शर्टाची बाही कधी दुमडलेली नाही. माणूस वाईट नव्हता, पण गोष्टी जागच्या जागी लागत त्यांना. ते म्हणाले, “आपण खायला घालतो, म्हणून ती हलत नाही. सवय आपणच लावली. भिकारी पकडणाऱ्या गाडीसाठी मी अर्ज देतो. तिथे तिला छप्पर मिळेल, औषधपाणी मिळेल. तिच्याच भल्याचं आहे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून त्यांच्या जागी सासूबाई येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तिला काय हवंय ते विचारलं का कुणी?”

दोघेतिघे हसले. “काय हवं असणार, आजी? खायला आणि पांघरायला.”

“म्हणजे नाही विचारलं,” असं म्हणून त्या उठल्या आणि खाली आल्या. अर्ज गेलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि रस्ता ओलांडला. हातात काही नव्हतं, वाटी नाही की पुडी नाही. बाईंनी आधी आमच्या रिकाम्या हातांकडेच पाहिलं. सासूबाई समोरच्या दगडावर टेकल्या, आपल्या बहिणीच्या अंगणात आल्यासारख्या.

“बाई, तुम्हाला काय लागतं ते सांगा. द्यायला जमेल असं नाही, पण सांगा.”

मला वाटलं, आता साडी मागतील. बाई म्हणाल्या, “आडोसा.”

“कसला?”

“न्हायाला. पानी गावतंय नळावर. पर उघड्यावर कसं न्हावं? पयल्या-पयल्यांदा पहाटं लुगडं नेसूनच तांब्या वतून घेत हुते. तर रातपाळीवरनं आलेलं गडी रिक्षातनं उतरून बघत ऱ्हायाचं. मंग सोडलं न्हानं. घाणीला कुनी जवळ येत न्हाई.”

ज्या वासामुळे आम्ही खिडक्या लावून घेत होतो, तो त्या बाईंचा दरवाजा होता. आणि हे गच्चीवरच्या एकाही शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं, बायकांच्यासुद्धा नाही. सासूबाई मात्र रडल्या-बिडल्या नाहीत. “बरं,” म्हणाल्या आणि पदर खोचून थेट सेक्रेटरींच्या दारात.

आमच्या जिन्याखाली एक मोरी होती. बिल्डरनं वॉचमनसाठी नळबिळ घालून बांधलेली. वॉचमन सोसायटीनं कधी ठेवलाच नाही, त्यामुळे मोरीत गणपतीचं सामान कोंबलेलं असायचं आणि बाहेर कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे.

“उद्या आणखी चार येतील,” सेक्रेटरी म्हणाले.

“चार आल्या तर चार न्हातील. मी तुमच्याकडे काही द्या म्हणत नाही. बंद आहे ते उघडा म्हणते.”

“आणि मखर कुठे ठेवायचं?”

“आमच्याकडे.”

सेक्रेटरींना एक शेवटची आशा होती. मोरीला लागूनच तळमजल्यावर एका सिंधी आंटींचं घर होतं. त्यांचं कुटुंब फाळणीत इकडे आलेलं, उल्हासनगरला कापडाचं दुकान, माणसं टापटिपीची. त्यांची हरकत असणारच अशा हिशोबानं सेक्रेटरी त्यांना विचारायला गेले. आंटी दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, “साईं, मैं छोटी थी जब कॅम्प में आये. बॅरेक में खाना सबको मिलता था. नहाने को बोरी का परदा था, और माँ बाहर डंडा लेके खडी रहती थी. मेरे को क्या ऑब्जेक्शन होगा? बोलो तो डंडा लेके मैं खडी रहती हूँ.”

किल्ली मिळाली. आणि आमच्या घरात गणपतीचं सामान आलं. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, दोन खोल्यांत आधीच जागेची मारामार, त्यात आमच्या पलंगाखाली थर्माकोलचे खांब, पलंगाला टेकून कमान, आणि गॅलरीत बांबू. रात्री कुशीवर वळलं की थर्माकोल कुरकुरायचं. मी धुसफुसत होते, हे खोटं कशाला सांगू? सासूबाई म्हणाल्या, “देवाच्या सामानाची अडचण कसली?” आणि विषय संपवला.

त्यांनी एक काम मात्र मोठ्या काळजीनं करून घेतलं. मोरीच्या दाराला आतून कडीच नव्हती. ह्यांच्याकडून त्यांनी नवी जाड कडी बसवून घेतली, मग स्वतः आत जाऊन ती लावली आणि आतून ओरडल्या, “आता ढकल दार, खांद्यानं ढकल.” ह्यांनी ढकललं. दार हललं नाही, तेव्हा त्या बाहेर आल्या. बाहेरचं कुलूप त्यांनी काढून सेक्रेटरींना परत केलं.

पहिल्या दिवशी ऑफिसची माणसं गेल्यावर बाई आल्या. कडी लागल्याचा आवाज झाला. मग पाण्याचा. आणि मग किती वेळ गेला सांगता येत नाही. सासूबाई जिन्यावर तांदूळ निवडायला बसल्या होत्या, आंटी आपल्या दारात. मी वरून विचारलं, “आई, हाक मारून बघू का? चक्कर-बिक्कर आली नसेल ना?” तर आंटींनीच हातानं थांबवलं. “रहने दे बेटा. बहोत दिन का है.”

बाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. मोरीची फरशी घासून लख्ख केलेली होती. त्या दिवशी मला सासूबाईंचा इतका अभिमान वाटला, की संध्याकाळी मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, “गॅसवर दूध आहे, तिकडे बघ.”

बाईंना घर मिळालं असं मी म्हणणार नाही. झोपायच्या त्या गिरणीच्या पत्र्याखालीच. बिल्डिंगच्या लायकीत घर नव्हतं, मोरी होती. पण रोज सकाळी जिन्याखाली कडी वाजायची, आणि त्याबरोबर बरंच काही बदलत गेलं. खिडक्या उघड्या राहू लागल्या. फाटकात उभ्या राहून बायका बाईंशी बोलू लागल्या, मग भाजी निवडायला जिन्यावर बोलावू लागल्या. ज्या वहिनींनी सासूबाईंना कंजूष म्हटलं होतं, त्यांनी मोरीत साबणाची वडी ठेवली. अख्खी, नवीन. सासूबाईंना ती उधळपट्टी वाटली आणि तसं त्या म्हणाल्याही.

थंडीत एके दिवशी कारखान्यांना सुट्टी होती, आणि सकाळी फाटकाशी जाळीची गाडी थांबली. सेक्रेटरींचा अर्ज. आमच्याकडे त्या अर्जाची आठवणही कुणाला उरली नव्हती, पण तो बिचारा टेबलाटेबलावरून आपल्या गतीनं पुढे सरकत होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ती गाडी माणसं कुठे नेते, किती दिवस ठेवते, काही कळायचं नाही. आणि इकडे मुलगा आला तर गिरणीखाली कोण?

बाई नुकत्याच न्हाऊन बाहेर आल्या होत्या. केस पाठीवर मोकळे, ओले. कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या राहून लुगडं पिळत होत्या. सासूबाई जिन्यावर तांदळाचं ताट घेऊन बसल्या होत्या. हवालदार कागद हातात घेऊन आधी गिरणीकडे गेला, पत्र्याखाली वाकून पाहिलं. तिथे घडी केलेलं एक गाठोडं तेवढं होतं. मग तो रस्ता ओलांडून सरळ बाईंकडे आला. ओरडून बोलावं की खाली धावावं, मला काही सुचेना.

“मावशी,” हवालदार म्हणाला, “इथं गिरणीखाली एक भिकारीण बसते ना? लई वास मारतो म्हणून तक्रार आहे. कुठं असते ती?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लुगड्याला शेवटचा पीळ दिला.

“हुती,” त्या म्हणाल्या. “गेली.”

“कुठं गेली?”

“मला काय ठावं.”

हवालदाराचं समाधान झालं नाही. त्यानं कागद पाहिला आणि वर पाहिलं. सेक्रेटरी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे होते. “साहेब, अर्ज तुमचाच ना? ह्या मावशी म्हणतात, ती गेली. खरं का?”

सासूबाईंचा ताटातला हात थांबला. सेक्रेटरी मुद्दा सोडून बोललेले मी कधी ऐकले नव्हते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

“त्या दिवसभर इथेच असतात,” ते म्हणाले. “त्या म्हणतात तर गेली असेल.”

हवालदारानं कागदावर काहीतरी खरडलं आणि गाडी वळून गेली. बाईंनी वर बघून मला हाक मारली, “पोरी, जरा टोक धराया ये.” मी तशीच धावत खाली गेले. नऊवारी लुगड्याचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही ते झटकायला ताणून धरलं. वारा अजिबात नव्हता. तरी लुगडं थरथरत होतं, त्यांच्या बाजूनं.