मामांचा बिनजोराचा पंप

माझे मामा न्हावी आहेत आणि दमेकरीही. त्यामुळे त्यांचं भाषण निमूट ऐकून घ्यावं लागतं: गिऱ्हाइकाला गळ्यावर वस्तरा असतो म्हणून, आणि मला वाद घातला तर त्यांना धाप लागेल म्हणून.

विषय एकच. जगभरच्या सरकारांनी एकत्र बसून करार केला आणि त्यांचा दम्याचा पंप बंद केला. "आकाशाला भोक पडलं म्हणे! मी पाडलं का, दाढ्या करता करता?" खरं तर त्या करारामुळे ओझोनचा थर खाणारा वायू एकट्या पंपातूनच नव्हे, तर फ्रीजमधून, स्प्रेमधून, सगळीकडूनच टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. दम्याच्या पंपांना तर पर्याय मिळेपर्यंत सवलतही होती. पण मामांच्या मते देशोदेशीचे मुत्सद्दी त्यांच्याच नरड्यावर टपले होते.

मामांच्या दुकानासमोरच्या औषधाच्या दुकानात मी काउंटरवर असते. नवा पंप मीच त्यांना दाखवला.

"मामा, औषध तेच आहे. ढकलणारा वायू तेवढा बदललाय."

"जुना कसा घशात थाडकन गार बसायचा! हा नुसती फुंकर घालतो."

औषधाने घशात थप्पड मारलीच पाहिजे, हा त्यांचा वैद्यकीय सिद्धांत. म्हणून त्यांनी पावडरच्या डब्यांमागे जुने पंप साठवले. तारखा कधीच उलटून गेल्या होत्या. किती औषध उरलंय ते बघायला पंपातली डबी पाण्यात तरंगवायची त्यांना सवय. त्याने तिचं तोंड चोंदतं, हे सांगणाऱ्या भाचीला अर्थातच अक्कल नव्हती.

मग एका दुपारी एक गिऱ्हाईक गालावर फेस घेऊन आमच्या दुकानात धावत आलं. "तुमचे मामा... लवकर चला!"

मी नवा पंप उचलून पळाले. मामा खुर्चीला धरून वाकले होते, ओठ निळसर पडलेले. पायाशी जुने पंप विखुरले होते. एकातूनही काही येत नव्हतं. थाडकन नाही, गार नाही, काहीच नाही. आई गेल्यापासून मला हे एकच माणूस उरलंय, आणि ते निव्वळ हट्टापायी मरायला निघालं होतं.

"तोंड उघडा!" मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी वाद घातला नाही.

एक झोत दिला, मग थोडं थांबून दुसरा. हळूहळू छातीतली शिट्टी कमी झाली, ओठांना रंग आला. मी तिथेच फरशीवर बसून रडले. गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस एव्हाना वाळला होता.

मामांनी पंप उलटसुलट करून पाहिला, छाती भरून श्वास घेतला आणि गरजले, "याला जोर नाही!"

रस्त्यापलीकडे औषधाच्या दुकानात बसलेल्या आमच्या मालकांनाही ते स्पष्ट ऐकू गेलं.