एका पॅडवर दोन पाय

सदर इसम वय वर्षे पन्नासच्या पुढे, बांधा मध्यम, केस विरळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. व्यवसाय : मोटारींच्या ट्रॅकशेजारच्या शेडमध्ये ब्रेकचे काम. ओळखीची खूण : नखांत काळी पूड, साबणास दाद न देणारी. व्यसन नाही. भुताखेतांवर विश्वास असल्याचे निदर्शनास आलेले नाही.

लोक त्याला हुंग्या म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर 'मास्तर'. हौशी माणूस आपली घरची गाडी ट्रॅकवर पळवायला आणतो आणि विचारतो, कुठले ब्रेक पॅड लावू? मास्तर त्याच्याशी बोलत नाही. आधी चाक उतरवतो, जुने पॅड काढतो, त्यांच्यावरून नख फिरवतो आणि ते नाकाशी धरतो. आपण गाडी कशी चालवतो हे सांगताना माणसं लग्नाच्या बोलणीत मारतात तशाच थापा मारतात, असं त्याचं मत आहे. पॅड मारत नाहीत. शेवटच्या क्षणी दणकन ब्रेक दाबणाऱ्याचे पॅड कडेने फुटलेले, काचेसारखे चकाकणारे, जळक्या वासाचे. लांबूनच हळू पाय टेकवणाऱ्याचे एकसारखे झिजलेले, बोटाला मऊ लागणारे. मग मास्तर ठरवतो, रस्त्याचे साधे पॅड की ट्रॅकचे. साधे पॅड गार असतानाही धरतात, पण फार तापले की हात वर करतात. ट्रॅकच्या पॅडचं उलटं. तापेपर्यंत ते कामावर हजरच होत नाहीत. तापले की मग सोडत नाहीत.

एके सकाळी शेडमध्ये दाजी आले. दाजी म्हणजे मास्तरच्या थोरल्या बहिणीचे यजमान, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर इतरांना जपून राहायचे सल्ले दिल्यामुळे असेल, निवृत्तीनंतर त्यांना वेगाचा नाद लागला होता. ताईने गाडी चालवायला कधीच शिकून घेतलं नाही. ती शेजारच्या सीटवर बसायची आणि वळण दिसलं की उजव्या पायाने खालचा पत्रा दाबायची, जणू तिथेही एक ब्रेक आहे. ट्रॅकवरसुद्धा यायची, हेल्मेट घालून, पर्स मांडीवर ठेवून. "तुझी बहीण पत्रा दाबते म्हणून गाडी थांबते, मी नुसता शोभेला," असं दाजी चारचौघांत म्हणायचे. ताईला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. आजार होता, त्यात गाडीचा काही संबंध नव्हता.

दाजींची तक्रार अशी की शेवटच्या लांब वळणाच्या बऱ्याच आधी गाडी आपोआप मंदावते. रविवारी ट्रॅक हौशी लोकांना खुला होता. तोवर चारही चाकांना ट्रॅकचे पॅड हवे होते.

मास्तरने चाकं उतरवली. पॅडच्या कडा फुटलेल्या होत्या, चकाकी होती, जळका वास होता. हे दाजी. पण त्या चकाकीवर, दुधावर साय धरावी तसा, मऊ राखेचा एकसारखा थर होता. मास्तरने पुन्हा हुंगलं. एका पॅडवर दोन पायांचं काम त्याने कधी पाहिलं नव्हतं. निदान एकच माणूस चालवत असलेल्या गाडीत तरी नाही.

मग त्याने जे करायला हवं ते सगळं केलं. पॅड दाबून धरणारा कॅलिपर कुठे अडकतोय का पाहिलं, अडकत नव्हता. ब्रेक ऑइल पाहिलं, डिस्क वाकडी आहे का पाहिलं. गाडी ठणठणीत होती. तेव्हा एक फेरी मारून बघू म्हणून तो पुढचं दार उघडायला गेला.

"मागे बस," दाजी म्हणाले.

पुढच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावलेला होता. तो लावला नाही तर गाडी पीं पीं करत राहते, सेन्सर बिघडलाय, असं दाजींनी सांगितलं. मास्तर मागे बसला. त्या सीटपुढचं पायपुसणं नवीन दिसत होतं. ताई गेल्यावर बदललं, असं दाजी म्हणाले. नवीनच होतं, फक्त उजव्या पायाच्या जागी खोलगट झालं होतं.

ट्रॅक रिकामा होता, दुपारचं ऊन होतं. लांब वळण अजून दूर असताना गाडीने नाक खाली घातलं, अगदी हलकेच, झोपलेल्या मुलाला उचलताना आई वाकते तसं. दाजींचा पाय कुठल्या पेडलवर आहे हे पुढे झुकून पाहणं सहज शक्य होतं. मास्तरने ते पाहिलं नाही. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

शेडमध्ये परतल्यावर दाजींनी खालच्या आवाजात सांगितलं, "मेहुणे, असे पॅड लाव की हलक्या पायाने काही व्हायला नको. माझाच पाय चालला पाहिजे."

"पाय तुमचा एकट्याचाच आहे ना, दाजी?"

"म्हणून तर म्हणतोय."

ते गेल्यावर मास्तर स्टुलावर बसून हिशेब करू लागला. साधे पॅड ठेवले, तर दाजींच्या वेगात ते तापून दम सोडणार आणि म्हातारा भिंतीत जाणार. चारही ट्रॅकचे लावले, तर दाजी वाचतील, पण हलका पाय कायमचा बाद होईल. म्हणजे ताईला गाडीतून उतरवायचं काम त्याच्या हातून होणार होतं. आणि तिचा हात धरून शाळेत गेलेला माणूस तो.

त्याने पुढच्या चाकांना ट्रॅकचे पॅड बसवले. मागच्यांना साधेच ठेवले, नवे, गार असताना धरणारे. धंद्यात असं मिश्रण चालतं, हे त्याने स्वतःला दोनदा समजावलं. दाजींना फक्त "लावले" एवढंच सांगितलं.

रविवारी दाजी पहिल्याच फेरीला सुसाट सुटले. पॅड तापवायलासुद्धा थांबले नाहीत. लांब वळणाच्या पलीकडे, मातीच्या बांधाआड, कुणाची तरी गाडी गरकन फिरून आडवी झाली होती आणि तिचा मालक बाहेर येऊन तिच्याकडे बघत उभा होता. बांधाच्या अलीकडून यातलं काही दिसत नव्हतं. दाजींची गाडी मात्र बांधाच्या बऱ्याच आधी मंदावू लागली. पुढचे पॅड अजून गार होते. मागच्यांनी धरून ठेवलं. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं, आणि गाडी लहान मुलाला ओढत न्यावं तशी मागे खेचली जात होती. त्या माणसापासून हातभर अंतरावर ती थांबली आणि बंद पडली.

ट्रॅकच्या अहवालात नोंद झाली ती अशी : 'सदर चालकाने प्रसंगावधान राखून वेळीच ब्रेक दाबल्याने संभाव्य अपघात टळला. चालकाचे अभिनंदन करण्यात येत आहे.'

दाजींचा पाय अॅक्सिलरेटरवर आखडून बसला होता. धावत आलेल्या ट्रॅकवरच्या झेंडेवाल्याने वाकून तो हाताने उचलला.