कंपन्या येऊन राहिल्या

सकाळी बडनेरा स्टेशनात उतरलो, तेव्हा माझी भाची कल्याणी प्लास्टिकची फाइल छातीशी धरून उभी होती. दर्यापूरहून पहिली बस पकडून आली होती पोरगी. तिला आयटीच्या पदवीसाठी कॉलेज निवडायचं होतं, आणि पसंतीक्रम भरायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. जे नाव पहिलं टाकायचं, तिथेच बहुधा चार वर्षं काढायची. शिकून नोकरी लागली पाहिजे, एवढी एकच तिच्या वडिलांची अट. बाकी सगळं त्यांनी फोनवरून माझ्या गळ्यात घातलं होतं. "मास्तर, तुमी शिकले-सवरलेले. तुमी म्हणसान ते पहिलं."

मी साताऱ्याचा, मराठीचं व्याकरण शिकवून निवृत्त झालेला. आयटीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मास्तर म्हटलं की छाती फुगते, त्याला काय करणार?

अमरावतीत आधी गिला वडा (दही आणि चटणीत भिजवलेला उडदाचा वडा) खाल्ला. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवली. मग कॉलेज. इमारत झकास होती. काचेचे दरवाजे, बाहेर बोगनवेल. कल्याणी प्रयोगशाळा बघायला गेली आणि मी कार्यालयाबाहेर एका हसतमुख कर्मचाऱ्याला गाठलं.

"नोकऱ्यांचं कसं आहे हो इथे?"

"काही टेन्शन नाही, सर," तो म्हणाला. "कंपन्या येऊन राहिल्या. पोरं लागून राहिले."

मी खूश. कंपन्या नुसत्या आल्या नाहीत, येऊन राहिल्यासुद्धा! वरच्या मजल्यावर त्यांची कार्यालयंच थाटलेली असणार, असं मी मनोमन ठरवून टाकलं. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि बाहेर येताच निकाल दिला, "हेच पहिलं."

"पण मामा, अकोल्याचं पाहायचं बाकी आहे," कल्याणी हळूच म्हणाली. तिचा हिरमोड नको म्हणून अकोल्याच्या बसमध्ये बसलो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तीवर हिरवंगार सोयाबीन, कपाशी. आमच्याकडे डोंगर आडवा येतो; इथे नजर जाईल तिथवर सपाट. बरं वाटलं. पलीकडच्या सीटवरच्या बाई फोनवर ओरडत होत्या, "हाव वं, येऊन राहिली मी मूर्तिजापूरले!"

माझ्यातला मास्तर जागा झाला. "बाई, मूर्तिजापूर तर अजून यायचंय. येऊन राहिलात कुठे?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मंग? येऊनच तं राहिली!"

कल्याणी तोंडावर ओढणी दाबून हसत सुटली. "मामा, येऊन राहिली म्हंजे येत आहे. अजून पोचली नाही."

मी वही उघडून तिच्यापुढे धरली. वाचता वाचता तिचं हसू मावळलं. "त्यायनं खोटं नाही सांगतलं, मामा. पण आतापर्यंत कोन लागलं, हे तं विचारलंच नाही आपण."

भर बसमध्ये मला शरम वाटली. एका क्रियापदाच्या भरवशावर मी पोरीची चार वर्षं ठरवायला निघालो होतो.

अकोल्याचं कॉलेज जुनं, भिंतींना ओल आलेली. विभागातल्या मॅडमना मी काही विचारणार, तेवढ्यात कल्याणीच पुढे झाली. "मॅडम, मागच्या वर्षी कोन कोन लागले? अन् जे नाही लागले ते काहून नाही लागले?"

मी अंग चोरलं. आमच्याकडे असं कोणी विचारत नाही. मॅडमनी मात्र कपाटातून एक रजिस्टर काढून तिच्यापुढे ठेवलं. एकेका मुलाचं नाव, कुठे लागला, आणि नाही लागला तर कारण. खिडकीजवळ संगणकावर बसलेल्या मुलीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तिलेच विचार ना."

ती मुलगी जराही लाजली नाही. "मी मागच्या वर्षी पास झाली. मुलाखतीत बोलताच नाही आलं मले. मॅडम दर शनिवारी सराव घेतात, म्हणून अजून येतो आमी चौघी." दोघी अर्धा तास बोलत बसल्या. मध्येच कल्याणीने तिच्या कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं आणि दोघी टाळी देऊन हसल्या.

बाहेर खाणावळीत पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) खाताना तिच्या वडिलांचा फोन आला. "मास्तर, काय ठरवलं तुमी?"

"मी नाही ठरवलं, भाऊजी. कल्याणीनं ठरवलंय."

 मला वाटलं, आता भाऊजी रागावणार.

"असं? मंग तिलेच द्या फोन. तिच्याच तोंडून आयकतो."

कल्याणी उठून दारात गेली. आधी चाचरत, मग हात हलवत, रजिस्टर, शनिवार, सगळं सांगत राहिली. तिचा रस्सा निवून गेला. 

पसंतीक्रम तिने स्वतः भरला, अकोल्याचं पहिलं. संध्याकाळी ती दर्यापूरच्या बसमध्ये बसली, मी गाडीत.

साताऱ्याला पोचलो तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "पोरीला चांगलं कॉलेज दाखवलंत ना?"

"नाही," मी म्हणालो. "तिनं मला दाखवलं."